प फ ब भ म

शाळेत ओष्ठ्य व्यंजनं शिकवत होते तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. परवा कळलं, त्यांच्यावाचून माणसाचं किती अडतं.

खालची अक्कलदाढ काढायची होती. डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं आणि "जरा बाहेर बसा, बधिर होऊ दे" म्हणाले. बसलो. पाच मिनिटांत अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटीची डावी बाजू परक्याची झाली. माझ्यानंतर शेजारच्या काकांच्या सौभाग्यवती आत गेल्या आणि काका मोकाट सुटले.

साठीचे असतील. दात सगळे शाबूत, आवाज खणखणीत. माझा सुजलेला गाल न्याहाळून म्हणाले, "कोणाशी लढलात? टायसनशी?"

इथे हसून गप्प बसायचं. पण टायसनसारखाच बॉक्सिंगमधला दुसरा बडा चॅम्पियन आठवून मी विनोदाला विनोद म्हणून "अली" असं उत्तर दिलं, आणि तिथेच फसलो.

"अली?" काका खुर्चीत सरसावले. "टायसनपुढे अली? अहो, दुसऱ्या राउंडला आडवा! गणित आहे साधं. १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिकने अलीला हरवलं. १९८६ मध्ये त्याच बर्बिकला टायसनने दोन राउंडमध्ये झोपवलं. मग टायसन आणि अलीत मोठा कोण? सांगा!"

सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. बर्बिकशी लढला तेव्हा अली चाळिशीला टेकला होता, त्याचे हात थकले होते, पाय थकले होते, आणि थांब म्हणणाऱ्यांचं तो ऐकत नव्हता. टायसन बर्बिकसमोर उभा राहिला तो वीस वर्षांचा. शिवाय हेच गणित लावायचं तर १९७१ मध्ये फ्रेझियरने अलीला हरवलं, १९७३ मध्ये फोरमनने त्या फ्रेझियरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं, म्हणजे फोरमनपुढे अलीचा चुराच व्हायला हवा. १९७४ मध्ये किन्शासात अलीने त्याच फोरमनला आठव्या राउंडमध्ये लोळवलं. संपलं गणित!

हे सगळं मी म्हणालोही. पण बाहेर पडलं ते "होरहन."

"कोण?"

"होरहन! हॉर्ज होरहन!"

"होरहन," काका विचारात पडले. "जर्मन का?"

तेव्हा लक्षात आलं की अली आणि टायसन दोघंही ओठ न मिटता बोलता येतात, पण माझे पुरावे सगळेच्या सगळे ओष्ठ्य आहेत. फ्रेझियर, फोरमन, बर्बिक. मोहम्मद म्हणायची तर सोयच नव्हती. केन नॉर्टन तेवढा जमला असता, पण १९७३ मध्ये त्याने अलीचा जबडा मोडला होता. तो साक्षीदार काकांचाच. आणि तशा मोडक्या जबड्यानिशी अली शेवटच्या राउंडपर्यंत उभा राहिला, हे सांगायला पुन्हा ओठ हवेत.

"उठा," काका म्हणाले. "तुम्ही अली." मी उठलो. का उठलो, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. काकांनी दोन्ही मुठी गालांशी धरल्या, गुडघ्यात वाकले आणि झुलत झुलत माझ्या पोटाशी आले. "टायसन असा खालून येतो. तुमचे लांब हात इथे काय कामाचे? बरगडीत एक, हनुवटीवर एक!" ठोसा हनुवटीच्या वीतभर आधी थांबला. मला मात्र लागला की नाही हे समजायला मार्ग नव्हता. मी "हण... हण..." करत राहिलो आणि नेमकी त्याच वेळी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटली. दातांना तारा लावलेली एक मुलगी कोपऱ्यातून आकडे मोजायला लागली. दहा झाल्यावर काकांनी स्वतःचाच हात वर केला. रिसेप्शनिस्टने मला टिश्यू दिला.

असल्या सामन्यांचा निकाल आजवर कोणाला धड लावता आलेला नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत एका निर्मात्याने संगणकाला आकडे भरवून अली विरुद्ध रॉकी मार्सियानो असा सामना चित्रित केला. मार्सियानो ४९ लढतींत अपराजित राहून १९५६ मध्येच निवृत्त झालेला. त्याने वजन उतरवलं, टकलावर केसांचा टोप चढवला. अलीवर तेव्हा बंदी होती, त्यामुळे त्याला वेळच वेळ. दोघं खोटं खोटं लढले. चित्रण झालं आणि सिनेमा लागण्याआधीच मार्सियानो विमान अपघातात गेला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तेराव्या राउंडमध्ये मार्सियानो जिंकलेला पाहिला, युरोपात अली जिंकलेला दाखवला. एवढा मोठा संगणक, पण समोर कोण बसलंय ते बघून बोलला. काका निदान प्रामाणिक तरी होते.

खरं सांगायचं तर टायसन चॅम्पियन झाला तेव्हा काकाही विशीतच असणार. आपण विशीत असताना जो जिंकत होता तोच सर्वांत मोठा. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे काकांच्या तारुण्याशी वाद घालणं. माझं तरी काय वेगळं? अली मला वडिलांकडून वारशात मिळाला. मी त्याची एकही लढत थेट पाहिलेली नाही. हे मान्य. पण बधिर माणसाशी वाद घालून जिंकायचं आणि वर खोलीभर सांगायचं, "बघा, बोलती बंद झाली!" याला काय म्हणावं? लोक हसले हो. फाइल घेऊन बसलेले एक गृहस्थ तर मान डोलावत "पॉइंट आहे" म्हणाले. कसला पॉइंट? समोरचा बोलत नाही म्हणजे त्याला पटलं, असं यांना कोणी शिकवलं? मीटिंगमध्ये हेच, लग्नाच्या बैठकीत हेच.

दाढ निघाली. तोंडात कापसाचा बोळा घेऊन बाहेर आलो तर काका सौभाग्यवतींना सँडल घालायला मदत करत होते. "काळजी घ्या, अली!" जाता जाता म्हणाले. मी हात हलवला. करणार काय?

रात्री आठच्या सुमारास ओठाला मुंग्या आल्या. आरशासमोर उभा राहिलो आणि स्वच्छ, खणखणीत म्हणालो, "फोरमन!"

आतून बायको ओरडली, "कोणाचा फोन?"

मंगळवारी टाके काढायचे आहेत. काकूंची पुढची वेळही मंगळवारचीच आहे, रिसेप्शनिस्ट सांगताना मी ऐकलंय. टाके काढताना भूल देत नाहीत, हे मी फोन करून दोनदा विचारून घेतलं.