वारसा-वीकेंडला बंद दारं गाठा

शहरातल्या जुन्या वास्तू दोन दिवस लोकांसाठी खुल्या करणारा वारसा-वीकेंड जाहीर झाला की दुसऱ्याच दिवसापासून याद्या फिरायला लागतात. शनिवारी सकाळी राजवाडा, दुपारी मोठं संग्रहालय, संध्याकाळी जुनं प्रार्थनास्थळ, रविवारी उरलेलं सगळं. अशा याद्या करणाऱ्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो, पण यादीतल्या निवडीशी माझं भांडण आहे. पोस्ट लांबणार आहे, तरी वाचा.

जे वर्षभर उघडं असतं, ते या दोन दिवसांत बघू नका. संग्रहालय पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल, तेव्हा गर्दीही कमी असेल आणि एखाद्या चित्रासमोर निवांत उभं राहता येईल. हे दोन दिवस एरवी कुलूप असलेल्या दारांसाठी ठेवा. पाणी उपसण्याचं जुनं केंद्र, घड्याळाचा मनोरा, न्यायालयाचं जुनं दालन, वापरात नसलेलं रेल्वे स्टेशन, दफ्तरखान्याचं तळघर, नाट्यगृहाच्या रंगमंचावरचा दोऱ्या-कप्प्यांचा माळा. तिथे एरवी आपल्याला कुणी आत सोडत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे कामं चालू असतात किंवा जागा नाजूक असते.

या उपक्रमाची सुरुवातही बंद दारांपासूनच झाली. १९८४ साली फ्रान्सचे संस्कृतिमंत्री जाक लांग यांनी सप्टेंबरमधल्या एका रविवारी ऐतिहासिक वास्तू लोकांसाठी खुल्या करायची प्रथा सुरू केली. नेदरलँड्सने १९८७ मध्ये तोच धागा उचलला, १९९१ मध्ये काउन्सिल ऑफ युरोपने त्याला युरोपभरचं रूप दिलं. लंडनमध्ये १९९२ पासून ‘ओपन हाउस’ सुरू झालं, पुढे टोरांटो, न्यूयॉर्क, बार्सिलोना अशी शहरं आपापल्या पद्धतीने त्यात आली. पॅरिसमध्ये आजही या दिवसांत राष्ट्राध्यक्षांचा एलिझे राजवाडा उघडतो आणि लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. सोनेरी छत बघायला पॅरिसमध्ये जागांची कमतरता नाही. इथे देशाचा कारभार चालतो ती खोली, ते टेबल प्रत्यक्ष बघायला मिळतं, म्हणून ती रांग लागते.

रोज समोरून जाणं म्हणजे बघणं नव्हे, हे मला न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनच्या हकिकतीवरून पटलं. १९१० साली उघडलेलं ते भव्य स्टेशन, प्रचंड दगडी खांब, वर काचेचं आणि पोलादाचं छत. रोज हजारो माणसं त्यातून ये-जा करायची. १९६३ मध्ये ते पाडायला घेतलं, तेव्हा फलक घेऊन रस्त्यावर उतरलेले लोक मूठभर होते, त्यातले बरेच वास्तुरचनाकार. शहर हळहळलं ते नंतर. त्या हळहळीतून १९६५ मध्ये न्यूयॉर्कचा वारसा-वास्तू जतनाचा कायदा आला, आणि त्याच कायद्याच्या बळावर पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशन वाचलं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. म्हणजे एक स्टेशन गेलं तेव्हा दुसरं टिकलं. मला वाटतं, वारसा-वीकेंडचं खरं काम इथे आहे. इमारत पाडायची वेळ यायच्या आधी तिच्या बाजूने बोलणारी माणसं तयार व्हायला हवीत, आणि ती आत जाऊन आल्याशिवाय तयार होत नाहीत.

मागे एका घड्याळाच्या मनोऱ्यात चढले होते. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला आधी खाली येऊ द्यावं लागतं. वर पोचल्यावर लोखंडी चौकटीत बसवलेलं यंत्र, त्यातून खाली खोल विहिरीसारख्या पोकळीत सोडलेली वजनं, आणि संथ हलणारा लंबक. चारही तबकड्यांचे काटे त्या एकाच यंत्रावर चालतात. वरच्या दांड्यातून चार दिशांना दांडे जातात आणि दातेरी चाकं गती वळवतात. देखभाल करणारे काका प्रत्येक चाकाला हात लावून सांगत होते. टोल्यांच्या यंत्राला पंख्यासारखी पाती असतात. वजन खाली येताना ती हवेत फिरतात आणि हवेचा अडथळा वेगाला आवर घालतो, नाहीतर सगळे टोले एका दमात पडले असते. तास भरायच्या थोडं आधी आत एक खटका सुटला. काका म्हणाले, “आता कान झाका.” आम्ही झाकले, तरी तो घणाचा आवाज छातीत घुमला.

मग त्यांनी लंबकाचं सांगितलं. लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर जुन्या पेनी रचलेल्या असतात; एक पेनी वाढवली की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंदाने वेग घेतं. एवढ्या मोठ्या यंत्राची वेळ एका नाण्याने साधायची! खाली रस्त्यावरून त्या घड्याळाकडे बघून हातातलं घड्याळ लावणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

काम करणाऱ्या इमारतींचा मी एवढा आग्रह धरते, त्याला अजून एक कारण आहे. लंडनच्या क्रॉसनेस इथे १८६५ मध्ये सांडपाणी उपसण्याचं केंद्र सुरू झालं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेला बसणं मुश्कील केलं, त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांनी उभारलेल्या मलनिस्सारण योजनेचा तो भाग. आणि त्या केंद्राच्या आत ओतीव लोखंडाची पानंफुलं, रंगवलेल्या जाळ्या, कमानी! मैलापाण्याच्या कामाला ज्यांनी इतकं सुंदर घर दिलं, त्यांच्या मनात सार्वजनिक कामाबद्दल केवढा आदर असेल. तिथलं ‘प्रिन्स कन्सॉर्ट’ नावाचं वाफेचं इंजिन वर्षानुवर्षं गंजत पडलं होतं. स्वयंसेवकांनी ते दुरुस्त केलं आणि २००३ मध्ये पुन्हा वाफेवर फिरवलं. राजवाड्यांना आश्रयदाते मिळतातच, पण पंपघरांना अशीच माणसं लागतात.

आत गेल्यावर काय बघायचं, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर एकच: भिंतीजवळ जा. जुन्या दगडी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, बघा. कुठे चुना आहे आणि कुठे नंतर कुणी सिमेंट भरलं आहे, ते रंगावरून कळतं. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ती अडवतं. मग ओल दगडातूनच वाट काढते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. सिमेंटची दरज शाबूत आणि आजूबाजूचा दगड झिजून आत गेलेला, हे दृश्य एकदा ओळखता आलं की सगळीकडे दिसायला लागतं. चांगल्या हेतूने केलेली वाईट दुरुस्ती किती महाग पडते, ते त्या वीतभर भिंतीवर कळतं. तुळयांच्या सांध्यांवर कधी कधी सुतारांनी कोरलेल्या खुणा सापडतात. कुठली तुळई कुठे बसवायची हे विसरू नये म्हणून जमिनीवरच केलेल्या. त्या सुताराचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं.

आता जे पटणार नाही तेही लिहिते. सगळी दारं उघडलीच पाहिजेत असं मला वाटत नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली आदिमानवाची चित्रं १९४० मध्ये सापडली, लोकांची रीघ लागली, आणि माणसांच्या श्वासातली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड यांनी चित्रांना धोका निर्माण झाल्यावर १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. एखाद्या ठिकाणी ‘एका वेळी दहाच माणसं’ अशी पाटी असेल तर कपाळाला आठ्या घालू नका. लाकडी जमिनीला भार सोसत नाही, जुन्या कागदांना प्रकाश सोसत नाही. भिंतीच्या रंगाला हात न लावणं आणि फ्लॅश बंद ठेवणं एवढं तर आपल्या हातात आहे.

आयोजकांकडे मात्र माझं गाऱ्हाणं आहे. कार्यक्रमपत्रिकेत वास्तूचं साल असतं, शैली असते, रचनाकाराचं नाव असतं. किती पायऱ्या आहेत ते नसतं. व्हीलचेअर कुठवर जाते, मध्ये बसायला जागा आहे का, स्वच्छतागृह आहे का, हे नसतं. गुडघे दुखणारी आजी नातवाबरोबर दारापर्यंत येते आणि तिथून परत फिरते. जुन्या जिन्याला रॅम्प लावता येत नाही हे मान्य, पण वरच्या खोलीचं थेट चित्रण खाली एका पडद्यावर दाखवता येतं. आधी कळवता तर नक्कीच येतं. सार्वजनिक उत्सव म्हणायचं तर ही माहिती पहिल्या पानावर हवी.

आणि दुसरं म्हणजे, त्या काकांसारख्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. आयुष्यभर एक यंत्र सांभाळलेला माणूस जे बोलतो ते कुठल्याही पुस्तिकेत सापडत नाही. वीकेंड संपल्यावर तंबू उतरतात, पत्रकं कचऱ्यात जातात आणि हे ज्ञान पुन्हा एका माणसापाशी राहतं. कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यांची परवानगी घ्या, पूर्ण बोलणं चित्रित करा आणि आयोजकांना पाठवा. शाळकरी मुलं सोबत असतील तर प्रश्न त्यांनाच विचारू द्या. त्यांच्या प्रश्नांना ही माणसं सर्वांत छान उत्तरं देतात.

शेवटची विनंती बुकिंगची. मनोरे, तळघरं, पंपघरं अशा ठिकाणी जागा थोड्या असतात आणि नोंदणी उघडल्या उघडल्या भरतात. अनेक जण चार-पाच ठिकाणी नावं घालून ठेवतात आणि जातात एकाच ठिकाणी. दिवसाला एक बंद दार, फार तर दोन, एवढंच ठरवा आणि तिथे पुरेसा वेळ द्या. जाणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी आठवणीने बुकिंग रद्द करा, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी वर जाता येईल.