हे पाणी नदीचं नाही, नळाचं आहे

परवा गिरणा नदीला आवर्तन सुटलं, म्हणजे वरच्या धरणातून ठरलेलं पाणी खाली सोडलं. दुपारपर्यंत अर्ध्या तालुक्याच्या स्टेटसला एकच व्हिडिओ: कोरड्या पात्रातून फेस ढकलत पुढे येणारं पाणी आणि मागून ‘गिरणामाय की जय’. मीही टाकला. आमची विहीर त्याच पाण्यावर आहे, खोटं कशाला बोलू.

काठावर भोईवाड्यातले आबा उभे होते. हातात जाळं नव्हतं. म्हटलं, “आबा, आता मासा लागेल ना?” तर म्हणे, “भाऊ, हाई पानी नदीनं नई, नयनं शे.”

नळाचं पाणी! दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जाईना.

माशाला नुसतं पाणी पुरत नाही, त्याला पाण्याची वेळ लागते. मृगाचा पाऊस पडून पहिला गढूळ लोंढा आला, पाणी गार झालं, धार वाढली, की माद्या अंडी टाकायला प्रवाहाच्या उलट निघतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो (आणि नेमके तेव्हाच काठीने झोडपून घरी आणतो, त्यात मीही होतो). 1969 साली वर धरण झालं. आता जून-जुलैचा लोंढा आधी तिथे अडतो. धरण भरलं तर खाली पूर, नाही भरलं तर खाली कोरडं. मग भर उन्हाळ्यात दरवाजे उघडतात. डोहात जीव धरून राहिलेला मासा धारेला लागून उथळात येतो, आणि पाणी योजनांच्या विहिरी भरल्या की दरवाजे बंद. तिसऱ्या दिवशी डबकी आटतात आणि बगळ्यांची चंगळ होते. पाणी तेवढंच सोडा, पण बंद करताना एकदम नको, दोन-तीन दिवसांत उतरवत न्या, एवढंच माझं म्हणणं आहे. शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी माशाला द्या, असं मी म्हणत नाही. मी स्वतः कापूसवाला आहे.

पण सगळं धरणावर ढकलून मोकळं होता येत नाही.

लहानपणी गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की तळपायाखालची वाळू अचानक वळवळायची. वाम! दिवसभर वाळूत अंग पुरून बसणारा मासा, सापासारखा लांबुळका. पाय दाबायचा, दोन्ही हात वाळूत खुपसायचे आणि दहातल्या नऊ वेळा ती निसटायची. आज त्याच जागी उतरलो तर पायाला मुरूम आणि चिकट गाळ लागतो. वाळू डंपरमधून गेली. वरून नवी येणार कुठून? तीही धरणाच्या पोटात अडकलेली. आता तिथे बाराही महिने पाणी ठेवलं तरी वाम पुरून घेणार कशात?

त्यात आपण काठापर्यंत नांगर घातला. करंज, उंबर, लव्हाळं गेलं. पहिल्याच पावसात काळ्या रानाची माती सरळ पात्रात उतरते आणि गोट्यांमधल्या फटी लिंपून टाकते. याच फटींत मुऱ्या नावाचा मासा राहतो, कित्येक माशांची अंडी इथेच चिकटतात. फट बुजली की अंडी गुदमरली.

मागे सातपुड्यात पाल गावाजवळ एका ओढ्यावर बसलो होतो. पाणी घोट्याएवढं, पण काठाला झाडी आणि तळाला स्वच्छ गोटे. तासाभरात मला माशांचे सहा प्रकार दिसले. गिरणेच्या आमच्या मोठ्या डोहात त्याच दिवसांत आबांच्या जाळ्यात दोनच: चिलापी (तिलापिया) आणि मरळ. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला पुराची गरज नाही आणि गोट्यांचीही नाही. 1952 साली बाहेरून आणलेला हा मासा आता घरचाच झाला. मरळ वरची हवा पिऊन घाण डबक्यातही जगतो. राहिले ते असे, कशालाही न बधणारे.

“पण धरणात दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडतात ना?” सोडतात. कटला, रोहू, मृगळ, मूळचे गंगेकडचे. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधुरींनी पिट्युटरी या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची अंडी मिळवली आणि पुराचं काम इंजेक्शनवर भागायला लागलं. त्यावर कित्येकांची चूल पेटते, ते वाईट कसं म्हणू? पण टनात मोजलेला मासा वेगळा आणि प्रकारात मोजलेला वेगळा. बाजारात ढीग दिसतो म्हणून नदी बरी आहे, असं समजणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

माझी एक विनंती. गिरणा, पांझरा, बोरी, तितूर, कुठेही गेल्या पाच वर्षांत वाम किंवा मुऱ्या हाती लागला असेल तर फोटो आणि गाव खाली टाका. आबांना दाखवायचाय. ते म्हणतात, एकही येणार नाही.