आजीचा फोटो आजी असतानाच काढा

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकटीचा, नीट काढलेला फोटो बहुतेक वेळा ते माणूस गेल्यावरच तयार होतो. घरात कुणी गेलं की नातू स्टुडिओत येतो, मोबाईलमधला कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो दाखवतो आणि म्हणतो, "एवढी आजी तेवढी काढून द्या, बाराव्याच्या आत पाहिजे." मग शेजारच्या काकूंचा खांदा कापायचा, मागची माणसं पुसायची, आकाशी बॅकग्राऊंड टाकायचं, चेहरा उजळ करायचा आणि फ्रेम करून द्यायची. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून मागणारेही येतात. आमच्या खानापूर भागात स्टुडिओ चालवणाऱ्यांना हे काम चुकत नाही. मला त्याचा मनापासून त्रास होतो. जिचं सगळं आयुष्य भाताच्या लावणीत चिखलात वाकून गेलं, तिच्याच घरच्या भिंतीवर तिचा खरा चेहरा नसतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे बेळगावच्या टिळकवाडीत झालेली पोर्ट्रेटची, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या फोटोंची, कार्यशाळा. आषाढात लग्नं नसतात, त्यामुळे आम्हा फोटोग्राफर लोकांना सवड. शिकवायला कोल्हापूरचे एक ज्येष्ठ सर आणि हुबळीच्या एक मॅडम, दोघांचीही हयात या धंद्यात गेलेली. मॅडम एक वाक्य कन्नडमध्ये बोलायच्या, पुढचं मराठीत, आणि हॉलमध्ये कुणाचं काही अडलं नाही. पण मला सगळ्यात जास्त पटलं ते हे, की समोर बसायला त्यांनी मेकअप केलेली मॉडेल आणली नव्हती. वडगावच्या विणकर घरातल्या एक आज्जी होत्या आणि भाजी विकणारे एक मामा. उन्हानं रापलेली, सुरकुतलेली माणसं.

आज्जी खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "ह्या वयात कसला फोटो काढतासा माझा? मी आधीच काळी, त्यात म्हातारी झालो." सरांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि विचारलं, "आज्जी, हातमागावर बसला होतासा काय कधी?" झालं. आज्जी सांगायला लागल्या. धोटा कसा फेकायचा, सूत तुटलं की कसं सांधायचं, सगळं हातानं करून दाखवायला लागल्या. पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली. आम्हाला सरांनी तेव्हा कुठे कॅमेरे उचलू दिले.

मग लाईट. इथे प्रत्येकाला स्वतःच्या हातानं स्टँड हलवायला लावलं, आणि या कार्यशाळेचं खरं मोल मला त्यातच वाटतं. आधी नुसत्या डोक्यावरच्या ट्यूबलाईटमध्ये एक फोटो: डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, कपाळावर तेलकट चकाकी. मग सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरं कापड लावलेला पेटीसारखा मोठा लाईट, एका बाजूला, साधारण 45 अंशांत, डोळ्यांच्या जरा वर. अंधाऱ्या बाजूच्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण उमटला. 17व्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट, त्याच्याच नावानं ही प्रकाशयोजना ओळखली जाते. मॅडमनी उजेड परत चेहऱ्यावर फेकायला आज्जींच्या मांडीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवला आणि खोल गेलेल्या डोळ्यांत उजेड आला.

सॉफ्टबॉक्स जवळ आणला की उजेड मऊ होतो, हे व्हिडिओ बघून माहीत असतं. पण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, याचा उपयोग हातानं केल्यावरच कळतो. लाईट आज्जींच्या अगदी जवळ सरकवला आणि त्या हिशेबानं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, कमी केलं, तर लाईटपासून लांब राहिलेली मागची हॉलची करडी भिंत आपोआप काळी झाली. पडदा नाही, एडिटिंग नाही. म्हणजे एक लाईट आणि थर्माकोलचा तुकडा घेऊन कुणाच्याही सोप्यात फोटो काढता येतो. लाईट नसेल तर दार आहेच. पावसाळी ढगातून दारात येणारा उजेड म्हाताऱ्या चेहऱ्याला फार शोभतो.

आता गोरं करण्याबद्दल. गिऱ्हाईकच मागतं, हे खरं आहे. पण निम्मा दोष आपल्या कामाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर दिसेल ते मध्यम करडं, म्हणजे 18 टक्के उजेड परत फेकणारं, धरून चालतं. मामांची टोपी पांढरी, सदरा पांढरा; मीटरवर सोडलं तर चेहरा काळवंडणारच. मग तो कॉम्प्युटरवर ओढून ओढून उजळायचा आणि सुरकुत्याही पुसायच्या. त्यापेक्षा एक्स्पोजर चेहऱ्यावर ठरवा. सावळ्या त्वचेवर मोठ्या लाईटचा उजेड तिरका पडला, की गालाच्या हाडावर जी झाक येते, तिनंच चेहऱ्याला आकार येतो. कोडॅकच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेलं 'शर्ली कार्ड' वापरायचे. तो जमाना गेला, आपण अजून त्याच कार्डाला चेहरे का जुळवायचे? मॅडमनी स्क्रीनवर फोटो दाखवला, तेव्हा आज्जी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आईसारखी दिसालोय की." ब्यूटी फिल्टर लावला असता तर त्यांना आई दिसली नसती.

बेळगावला माणसाचा चेहरा नीट बघायची परंपरा आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी इथलेच, रवी परांजपे त्यांचे विद्यार्थी. त्या गावात प्री-वेडिंगला ड्रोन उडतो आणि घरातल्या म्हाताऱ्यांचा एक धड फोटो नसतो, हे मला पटत नाही.

कुणी म्हणतं, म्हाताऱ्या माणसाला फोटोला बसवलं की त्यांना वाटतं आता आपली वेळ आली. म्हणून नातवंडांना, सुनांना शेजारी घेऊन सुरुवात करा, मग एकट्याचा काढा. मोबाईल असेल तर तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं दिसतं. चार-पाच फूट मागं सरकून थोडं झूम करा. आणि प्रिंट काढा. फोन बदलला की फोटो जातात.

श्रावणात मी खानापूर तालुक्यातल्या गावांत जाऊन साठीच्या पुढच्या माणसांचे फोटो काढणार आहे. पैसे फक्त प्रिंटचे. सुरुवात नंदगडपासून. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या फोटोग्राफर मित्रांनी आपापल्या भागात हे धरावं. माझ्याबरोबर येणार असाल तर इनबॉक्समध्ये कळवा, आणि तुमच्याकडे जादा लाईट स्टँड असेल तर तो घेऊन या.