नान्सेनच्या झोपडीवरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही एवढं मनापासून आणि एवढं रागावून लिहिलंय की खाली "धन्यवाद" टाकून मोकळं होणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर उत्तर देते. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाहीये त्यांच्यासाठी: नान्सेन आणि योहानसेन या दोन नॉर्वेजियन माणसांच्या आर्क्टिकमधल्या हिवाळ्यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की ८६ अंश १४ मिनिटं उत्तर अक्षांशापर्यंत पोचण्याचा विक्रम मी दोन वाक्यांत गुंडाळला आणि झोपडीत लोळत अस्वल खाण्यावर पानंच्या पानं घालवली, शिवाय असली आत्मकथनं म्हणजे स्वतःची टिमकी असते त्यावर विश्वास काय ठेवायचा, आणि तिथले एस्किमो जन्मभर हेच करतात तर या साहेबलोकांच्याच हालांचं एवढं कौतुक कशाला. जाताजाता "योहानसेनचं पुढे काय झालं ते का लपवलंत" असा टोलाही आहे.

तर विक्रम. अहो, तो खरंच दोन वाक्यांचाच आहे! १४ मार्च १८९५ ला दोघांनी फ्राम जहाज सोडलं, सोबत २८ कुत्रे, तीन स्लेज, दोन कयाक (अरुंद होड्या), आणि एप्रिलच्या ८ तारखेच्या सुमारास बर्फाचे ढिगारे इतके बेकार झाले की पुढे जाण्यात अर्थ नाही म्हणून मागे फिरले. तोवर एवढ्या उत्तरेला कोणी गेलं नव्हतं हे मान्य, पण तिथे पोचून त्यांनी केलं काय, तर त्यातल्या त्यात बरं जेवले आणि झोपले. गोष्ट सुरू होते ती परतताना. १२ एप्रिलला दोघांच्याही घड्याळांना चावी द्यायची राहिली आणि दोन्ही बंद पडली, आता घड्याळाची वेळ गेली म्हणजे रेखांश गेला, मग पुढचं वर्षभर आपण नकाशावर नक्की कुठे आहोत हे सगळं अंदाजपंचे. उरलेल्या कुत्र्यांना खायला घालायला एकेक कुत्रा मारत ते ऑगस्टअखेर फ्रान्झ जोसेफ लँड या आर्क्टिकमधल्या बेटसमूहातल्या एका बेटावर टेकले आणि तिथून हलले थेट १९ मे १८९६ ला.

त्या मधल्या महिन्यांत "नुसतं लोळले" असं तुम्ही म्हणता. वॉलरसच्या खांद्याच्या हाडाचं फावडं आणि त्याच्याच सुळ्याची कुदळ करून जमीन उकरली, दगड आणि शेवाळाच्या भिंती, वर समुद्रातून वाहून आलेला एक ओंडका आणि त्यावर वॉलरसची कातडी. सकाळी उकडलेलं अस्वल, संध्याकाळी तळलेलं अस्वल. दिवसात वीस-वीस तास झोपायचे. आणि नंतर वजन केलं तर नान्सेन साधारण १० किलोनी आणि योहानसेन ६ किलोनी वाढलेला! मग हाल कुठले? तर हाल त्या मारलेल्या प्राण्यांच्या चरबीचे. कपडे तेलाने इतके माखलेले की ते मांड्यांना चिकटायचे, चाललं की कातडी सोलवटून जखमा व्हायच्या. साबण नाही. कपडे सुरीने खरवडायचे आणि खरवडून निघालेलं तेल पुन्हा दिव्यात. हात स्वच्छ करायचा एकच उपाय सापडला होता, अस्वलाचं रक्त आणि तेल चोळायचं आणि शेवाळाने घासून काढायचं. १८९५ च्या ख्रिसमसला योहानसेनने शर्ट उलटा करून घातला, नान्सेननेही तेच केलं, वर पाव कप कोमट पाण्यात अंघोळ, आणि अंग घासायला आणि पुसायला नुकतीच उतरवलेली आतली चड्डी. झाला सण साजरा. नान्सेनला त्या दिवसांत स्वप्नं पडायची ती ध्रुवाची नाहीत, स्वच्छ लोकरी कपड्यांनी भरलेल्या उजळ दुकानाची.

आता टिमकी. ज्याला टिमकी वाजवायचीये तो चड्डीने अंग पुसल्याचं छापून आणत नाही, एवढं तरी मानाल? पोज देतात हे खरं आहे. १७ जून १८९६ ला केप फ्लोराजवळ जॅक्सन या इंग्रजाशी अचानक गाठ पडली, त्या हस्तांदोलनाचा प्रसिद्ध फोटो काही तासांनी पुन्हा उभं राहून काढलेला आहे. म्हणूनच मी फोटोवर नाही, चरबीवर लिहिलं. शिवाय इथे दुसरा साक्षीदार आहे, योहानसेनने १८९८ मध्ये स्वतःचं वेगळं पुस्तक काढलं. ऑगस्ट १८९५ मध्ये अस्वलाने त्याला खाली पाडलं, त्याने एका हाताने अस्वलाचा गळा धरून ठेवलेला आणि नान्सेनला म्हणतो काय, तर जरा घाई करा, नाहीतर उशीर होईल. तेव्हाही अहो-जाहोच! एका पिशवीत झोपणारी ही माणसं अरे-तुरेवर आली म्हणे ती थेट ३१ डिसेंबरला.

तुमचा संशय ग्रीलीच्या बाबतीत मात्र शंभर टक्के लागू आहे. १८८१ मध्ये त्याच्या हाताखाली अमेरिकन लष्कराच्या मोहिमेची २५ माणसं आर्क्टिकला निघाली, १८८२ चं मदतीचं जहाज मागे फिरलं, १८८३ चं बर्फात चिरडलं, आणि जून १८८४ मध्ये सुटका झाली त्यातली ६ घरी पोचली. अन्न चोरतो म्हणून ग्रीलीने एका सैनिकाला गोळ्या घालायला लावल्या हे उघड आहे, पण काही प्रेतांचं मांस कापलेलं निघालं त्यावर आपल्याला काही माहीत नाही एवढंच त्याचं उत्तर. तिथे मी म्होरक्यापेक्षा रेशन मोजून देणाऱ्या ब्रेनार्डची डायरी आधी उघडते.

एस्किमोंचं म्हणाल तर नान्सेन १८८८-८९ चा हिवाळा ग्रीनलंडच्या लोकांत राहून कयाक शिकला होता, त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं त्याने. हे तंत्र त्यांचंच, वाद नाही. पण "जन्मभर तेच करतात" हे जरा जास्तच सोपं करून टाकलंत. एडा ब्लॅकजॅक ही अलास्काची इनुपियाक बाई मिशनऱ्यांकडे वाढलेली, शिवण येत होतं, शिकार अजिबात नाही, वर अस्वलांची प्रचंड भीती. मुलाच्या टीबीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून १९२१ मध्ये चार पुरुषांबरोबर रँगल बेटावर गेली. तिघे मदत आणायला बर्फावरून निघाले ते गायबच झाले, चौथा स्कर्व्ही या आजाराने अंथरुणाला खिळून तिलाच बोल लावत जून १९२३ मध्ये गेला, आणि ही सापळे लावायला नि बंदूक चालवायला तिथल्या तिथे शिकून ऑगस्टपर्यंत एका मांजरीसोबत तगली. रक्तात बिक्तात काही नव्हतं, शिकली ती. मोहिमेवरचं पुस्तक मात्र लिहिलं ती आखणाऱ्या स्टेफान्सनने, जो स्वतः बेटावर गेलाच नव्हता.

आणि योहानसेन. लपवलं नाही, ती अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेची गोष्ट आहे. सप्टेंबर १९११ मध्ये घाईने काढलेली पहिली चढाई थंडीने फसली, अमुंडसेन पुढे निघून गेला, पाय गारठलेल्या प्रेस्ट्रुड या सोबत्याला योहानसेनने स्टोव्ह-अन्न काही नसताना तळावर आणलं आणि सकाळी सगळ्यांदेखत अमुंडसेनला सुनावलं. ध्रुवावर जाणाऱ्यांतून त्याचं नाव कापलं गेलं, परतीला वेगळं पाठवलं, आणि जानेवारी १९१३ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. अमुंडसेनच्या पुस्तकात त्या भांडणाचा पत्ता नाही. घ्या, तुमच्या टिमकीच्या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण मीही देऊ शकत नाही.

योहानसेन आणि नान्सेन दोघांची पुस्तकं इंग्रजीत इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. योहानसेनचं आधी वाचा, आणि हिवाळ्याचं प्रकरण शक्यतो जेवताना नको.