बोन्सायच्या फांदीवर उकळतं पाणी ओतू नका

‘बोन्सायची फांदी पाच मिनिटांत वाकवा’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने विचारलं, ‘करून बघू का?’ मावशी, अजिबात नको! त्यात चार गोष्टी सांगितल्यात: फांदीवर उकळतं पाणी ओता, आधी चार दिवस पाणी तोडा, वळणासाठी फांदीला गुंडाळलेली तार जितकी घट्ट तितकी चांगली, आणि वर्षभर ती काढू नका.

उकळत्या पाण्याचा सल्ला सगळ्यात घातक. लाकूड वाफेने वाकतं, हा त्याचा आधार. वाकतं, खरंच. फर्निचर बनवणाऱ्या थोनेटची १८५९ची १४ नंबरची खुर्ची वाफवून वाकवलेल्या बीच झाडाच्या लाकडाचीच. पण ते लाकूड कापलेलं होतं, त्यात जीव नव्हता. शिवाय सुतारकामातला ठोकताळा आहे इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ. किटलीभर पाण्याने गाभा मऊ होत नाही. भाजतो तो सालीखालचा कॅम्बियमचा पातळ जिवंत थर. त्याच्या पेशी ५०-६० अंशांच्या पुढे काही मिनिटांतच मरतात. आणि वळण टिकतं ते याच थरामुळे! तारेने धरून ठेवलेल्या फांदीवर तो नवं लाकूड चढवत जातो, म्हणून तार काढल्यावरही फांदी तशीच राहते. हा थर सगळीकडून मेला की वळण राहिलं बाजूला, फांदीच जाते.

जाड फांदी वाकवायची तर तिच्यावर भिजवलेला रॅफिया (ताडाच्या जातीच्या झाडाचा धागा) घट्ट गुंडाळा. मग फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची तार घ्या, म्हणजे १२ मिमी फांदीला ४ मिमी अ‍ॅल्युमिनियम. आधी खोडाला दीड-दोन वेढे देऊन तार पक्की करा, पुढचे वेढे ४५ अंशांत तिरके. वळणाच्या बाहेरच्या अंगाला वेढा आलाच पाहिजे, कारण साल तिथेच ताणली जाते आणि फाटतेही तिथेच. दोन्ही अंगठे वळणाच्या आत टेकवा, बोटं बाहेरून तारेवर ठेवा आणि सावकाश दाबा. ‘कट्’ असा आवाज आला की थांबा, किंचित मागे सोडा, चिरेवर कट-पेस्ट (झाडाची जखम झाकायचा लेप) लावा. उरलेलं वळण काही आठवड्यांनी.

पाणी तोडण्यात थोडं तथ्य आहे, मान्य. एक दिवस पाणी उशिरा दिलं तर पेशींतला ताण उतरतो, फांदी जरा लवचीक होते. पण चार दिवस? छोट्या उथळ कुंडीतली मुळं तेवढ्यात वाळू शकतात.

घट्ट तारेबद्दल एवढंच: तार सालीला टेकलेली हवी, सालीत घुसलेली नको.

वर्षभराचा नियम तर कुठल्याच झाडाला सरसकट लागू नाही. जुनिपरला (सूचिपर्णी झाड) कधी वर्ष लागतंही. फायकसला, म्हणजे वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांना, वाढीच्या दिवसांत दीड-दोन महिन्यांत, कधी त्याआधीच, तार रुतू लागते आणि पिळाचे व्रण वर्षानुवर्षं दिसतात. म्हणून दर आठवड्याला बघा. साल तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगायला लागली की तार काढा. काढताना उलगडू नका, त्यात डोळे (कोवळे कोंब) आणि डहाळ्या मोडतात. वायर कटरने एकेक वेढा कापून तुकडे अलगद उचला.