फी भरली जाते, अडतं ते रंगांपाशी

प्रवेशाचे दिवस जवळ आले की पालकांचे मेसेज सुरू होतात. "मॅडम, मुलगी बीएफए करायचं म्हणतेय. फी किती असते?" बीएफए म्हणजे फाइन आर्ट्सची चार वर्षांची पदवी. मी चित्रकला महाविद्यालयात शिकवते आणि स्वतःही त्याच वाटेने आलेय, त्यामुळे पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. फीचा आकडा कळला की घरात हिशेब होतो. कॉलेज शासकीय किंवा अनुदानित असेल तर सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मुलगी दाखल होते. दिवाळीच्या आत तिच्या लक्षात येतं की खरा खर्च फीच्या पावतीवर नव्हताच. तो कागदाचा, रंगांचा, ब्रशचा, कॅनव्हासचा, प्लास्टरचा, प्रिंटआउटचा असतो. चार वर्षं तो थांबत नाही.

गरीब घरातली मुलं फाइन आर्ट्समध्ये मागे पडतात ती हात कच्चा असतो म्हणून नाही, सामान नसतं म्हणून. आणि सामान पुरवणं ही कॉलेजची आणि सरकारची जबाबदारी आहे, असं आपण कधी ठणकावून म्हटलेलंच नाही. आज ते म्हणायचंय.

आधी प्रवेशाबद्दल, कारण गळती तिथूनच सुरू होते. कागदावर दार सगळ्यांना उघडं आहे. बारावी कुठल्याही शाखेतून केलेली चालते. मग राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा: ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन आणि सामान्यज्ञान. पण ही परीक्षा असते, हेच मुळात मुलाला सांगणार कोण? शाळेत ड्रॉइंगचे सर असतील तर एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा होतात, आणि त्याच सरांच्या तोंडून 'जे.जे.', म्हणजे मुंबईचं सर जे.जे. कला महाविद्यालय, हे नाव पहिल्यांदा कानावर पडतं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही शंभराच्या वर पट असेल तरच, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक धरलेला आहे. म्हणजे कायद्यानेच चित्रकलेचा शिक्षक अर्धवेळ ठरवून टाकला. छोट्या गावातल्या छोट्या शाळेला तर तोही नाही.

मग उरतात क्लास. क्लासवाल्यांशी माझं भांडण नाही, कित्येक जण मनापासून शिकवतात. पण तिथे मेमरी ड्रॉइंगची तयारी कशी होते ते पाहिलंय. एक पाठमोरी बाई, एक टेकून बसलेला म्हातारा, एक बोट धरलेलं मूल, या तीन आकृती घोटून घोटून हातात बसवायच्या. प्रश्न बाजाराचा आला की त्यांच्या मागे भाजीची टोपली, स्टेशनचा आला की डबा, जत्रेचा आला की पाळणा. पेपर सुटतो. पण ज्या मुलाने खरोखरच आठवडी बाजारात आईशेजारी बसून माणसं पाहिलीत आणि वहीच्या मागच्या पानावर ती काढलीत, त्याची आकृती ओबडधोबड असते आणि परीक्षेच्या घाईत ती मागे पडते. सीईटीसोबत मुलांच्या स्केचबुकाही बघाव्यात असं मला फार वाटतं. असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

समजा, आत आला. पहिलं वर्ष पायाभूत. सगळं थोडं थोडं: निसर्गचित्र, वस्तुचित्र, द्विमित संकल्पन, त्रिमित संकल्पन, अक्षरलेखन. म्हणजेच सगळ्या प्रकारचं सामान थोडं थोडं. वर्गात यादी लावली जाते आणि सगळी मुलं फोनवर तिचा फोटो काढतात. काही जण त्याच संध्याकाळी दुकानात जातात. काही जण पुढच्या महिन्यात घरून पैसे आले की जाऊ म्हणतात, आणि तोवर पहिलं सबमिशन येऊन ठेपतं.

आता पेंटिंगच्या वर्गातली एक गोष्ट सांगते. बाहेरच्या माणसाला ती सहसा दिसत नाही. ज्युरीच्या वेळी, म्हणजे परीक्षक कामं तपासतात तेव्हा, एखाद्या मुलाचं चित्र पाहून हमखास शेरा येतो, "रंग मळके झालेत रे." हाच शेरा त्याला वर्षभर मिळत राहतो, आणि मुलगा समजतो की आपल्याला रंगाची जाणच नाही. एकदा त्याचं पॅलेट बघा. येलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि पांढऱ्याची मोठी ट्यूब. मातीपासून होणारे रंग आणि काळा-पांढरा स्वस्त असतात, म्हणून ते आहेत. कॅडमियम रेड नाही, कॅडमियम यलो नाही, कोबाल्ट ब्लू नाही. धातूंपासून बनणारे हे रंग महाग. चांगल्या कंपन्या तर ट्यूबवर सिरीजचा आकडाच छापतात आणि आकडा चढेल तशी किंमत चढते. 'ह्यू' लिहिलेली, म्हणजे मूळ धातूऐवजी दुसऱ्या रंगद्रव्यातून तसाच रंग साधलेली, स्वस्त ट्यूब मिळते. ती नुसती पाहिली तर रंग तसाच वाटतो, पण पांढऱ्यात मिसळला की बरेचदा त्याचा ताव वेगळाच निघतो. संध्याकाळच्या उजेडातली केशरी कड ऑकर आणि सिएनातून कितीही घोटली तरी येत नाही. त्या मुलाला ती कड दिसते, चांगली दिसते. त्याच्याकडे ती नसते, एवढंच.

कागदाचंही तेच. आपल्याकडे जलरंगातल्या निसर्गचित्राची केवढी मोठी परंपरा आहे, मुलं घाटांवर, नदीकाठी, वाड्यांसमोर बसून कामं करतात. पण साध्या कार्ट्रिज कागदावर भरपूर पाण्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिला की कागद फुगतो, पाणी खळग्यांत साचतं, आणि दुसरा वॉश पहिल्याला उचलून घेतो. शेजारी जाड, तीनशे जीएसएमच्या कागदावर काम करणारा मुलगा तीन-तीन वॉश चढवतोय. दोघांना गुण मात्र एकाच मोजपट्टीने.

बीएस्सीच्या मुलाला टायट्रेशनसाठी अ‍ॅसिड घरून आणायला कोणी सांगत नाही. प्रयोगशाळेतली रसायनं ही शिक्षणाची गरज आहे हे तिथे सगळ्यांनी मान्य केलंय. मग रंग, माती, प्लास्टर ही विद्यार्थ्याची खासगी हौस कशी काय ठरली?

शाखा निवडताना तर हे फारच टोचतं. माझ्या एका विद्यार्थिनीचा हात मातीत असा काही चालायचा की आम्ही शिक्षक तिच्या स्टँडपाशी थांबून बघायचो. तिने म्हाताऱ्या आजोबांचं डोकं केलं होतं, शाडूत. आतल्या आर्मेचरवर, म्हणजे आधाराच्या सांगाड्यावर, माती कशी धरायची, गालाच्या हाडावरून अंगठा किती दाबून न्यायचा, हे तिला कोणी न सांगता कळलं होतं. सुट्टीत माती वाळून तडकू नये म्हणून ती ओलं फडकं गुंडाळून वर प्लास्टिक बांधून जायची, आणि गावाहून दर दोन दिवसांनी मैत्रिणीला फोन करून पाणी मारायला सांगायची. पुढे शाखा निवडायची वेळ आली तेव्हा ती उपयोजित कलेकडे, म्हणजे जाहिरात-डिझाइनकडे, जाते म्हणाली. कारण विचारल्यावर शांतपणे म्हणाली, "मॅम, मातीचं भागतं. मोल्डचं प्लास्टर, मग फायबरचं कास्टिंग, हे दर कामाला कुठून आणू?" ब्राँझचं तर नावच नको. उपयोजित कलेत नोकरी मिळते हे खरं आहे, आणि ती हसतखेळत तिकडे गेली असती तर मला आनंदच झाला असता. तशी ती गेली नाही.

मुलं हातपाय हलवत नाहीत असं मात्र कोणी समजू नये. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वर्गातले काही बाक रिकामे असतात. ही मुलं गणपतीच्या कारखान्यात असतात, कोकणातली असतील तर गावच्या चित्रशाळेत. डोळ्यांची आखणी ज्याला सफाईने जमते त्याला त्या हंगामात बरे पैसे मिळतात. वर्षभरातल्या रंगांची बेगमी तेवढ्यात होते. नंतर भिंतीवरची चित्रं, लग्नातल्या रांगोळ्या, फोटोवरून पोर्ट्रेट. हे काम हलकं नाही, आखणीने हाताला येणारी स्थिरता तर वर्गात शिकवूनही येत नाही. पण सत्राच्या सुरुवातीचा हाच काळ रेखाटनाचा पाया घालण्याचा असतो, आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल रेघा पडत जातात. रंग घ्यायला पैसे मिळवायचे म्हणून रंग शिकवणारा तास बुडवायचा, हे चक्र मुलांनी निर्माण केलेलं नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: खऱ्या कलावंताला साधनांवाचून अडत नाही. मग उदाहरणं येतात. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांनी 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती विद्यार्थिदशेत केली आणि केली ती साध्या प्लास्टरमध्ये. अगदी खरं. पण ती ज्या जे.जे.त घडली, त्या शाळेमागे जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेले एक लाख रुपये होते. 1857 साली ती शाळा सुरू झाली ती त्या देणगीच्या बळावर. किंवा शिल्पकार विनायक करमरकर घ्या. अलिबागजवळच्या सासवन्याचा मुलगा, देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढतो, तिथल्या ऑटो रॉथफिल्ड या कलेक्टरच्या नजरेला ते पडतं आणि तो मुलाला मुंबईला जे.जे.त धाडण्याची व्यवस्था करतो. आज सासवन्याच्या संग्रहालयात त्यांची शिल्पं बघताना आपण करमरकरांच्या हाताचं कौतुक करतो, करायलाच हवं. पण कलेक्टरचा घोडा त्या दिवशी दुसऱ्या वाटेने गेला असता तर? ज्यांच्या भिंतीवरची चित्रं कोणी पाहिलीच नाहीत, त्यांची संग्रहालयं नाहीत म्हणून ती आपल्याला मोजता येत नाहीत. दैवावर सोडलेली ही गोष्ट व्यवस्थेने करावी, यासाठीच सरकारी कला महाविद्यालयं असतात.

शिष्यवृत्त्या आहेत, नाही असं नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला की राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून शिक्षण शुल्काला आधार मिळतो, वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ करण्याचा निर्णय झाला, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. पण यातल्या बहुतेक योजनांचं गणित शुल्काभोवती फिरतं. शुल्क कॉलेजला जातं. ट्यूब घ्यायला मुलाच्या हातात काय येतं? आणि जे येतं ते अनेकदा वर्ष सरत आल्यावर, तोवर सगळी सबमिशनं होऊन गेलेली असतात.

काय करता येईल? फार मोठं काही मी मागत नाही. प्रत्येक कला महाविद्यालयात एक सामानघर असावं. घाऊक भावाने घेतलेले रंग, कागद, प्लास्टर तिथे मूळ किमतीत मिळावेत आणि ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना मोफत. मॉडेलिंगची हत्यारं, कोरीव कामाच्या छिन्न्या, चांगले सेबल ब्रश, मोठे बोर्ड हे ग्रंथालयातल्या पुस्तकासारखे नावावर देता येतात. शेवटच्या वर्षाची मुलं जाताना अर्ध्या ट्यूबा, कॅनव्हासच्या चौकटी (स्ट्रेचर), इझल टाकून जातात, ते सगळं एका खोलीत जमा झालं तरी पायाभूतच्या अर्ध्या वर्गाचं भागेल. शिष्यवृत्तीत सामानासाठी वेगळा भाग असावा आणि तो सत्राच्या पहिल्या महिन्यात मिळावा. जे.जे. 2023 साली अभिमत विद्यापीठ झालं, नवे अभ्यासक्रम, नव्या इमारती यांची चर्चा सुरू झाली. त्या चर्चेत सामानघराचा एक कोपरा असायला काय हरकत आहे?

शिक्षकांनाही एक मागणं आहे. असाइनमेंट देताना "कोणत्याही माध्यमात" असं लिहीत जाऊ या. कोळशाचा एक तुकडा आणि तपकिरी कागद यांतही प्रकाश शिकवता येतो, ओळखीच्या सुताराकडचे लाकडाचे तुकडे घेऊन त्रिमित संकल्पन उत्तम होतं. आणि "रंग मळके" असा शेरा मारण्याआधी पॅलेटवर नजर टाकू या.

आता ज्या पालकांनी मला विचारलंय त्यांच्यासाठी. फीचा आकडा वेबसाइटवर मिळेल, त्यासाठी माझी गरज नाही. कॉलेज बघायला प्रत्यक्ष जा, मुलीला सोबत न्या, आणि ऑफिसपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. वर्षाला सामानाला किती लागतात ते तेच खरं सांगतील. स्टुडिओ संध्याकाळी किती वाजता बंद होतो? काम ठेवायला जागा आणि लॉकर आहे का? सिरॅमिकची भट्टी चालू आहे की नुसती उभी आहे? लाइफ क्लासला, म्हणजे माणूस समोर बसवून काढायच्या तासाला, मॉडेल नियमित येतं का? मातीचा हौद भरलेला आहे का, की प्रत्येकाने आपापली गोणी आणायची? वसतिगृहाच्या खोलीत कॅनव्हास उभा करून काम करू देतात का? ही उत्तरं वहीत लिहून घ्या आणि मगच पर्यायांचा क्रम भरा. आणि ज्यांच्या कपाटात जुने इझल, न उघडलेल्या ट्यूबा, कोरे कॅनव्हास पडून आहेत त्यांनी आपल्या गावाजवळच्या कला महाविद्यालयात फोन करावा. नंबर सापडला नाही तर मला मेसेज करा, कुठल्या मुलाला काय हवंय ते मी विचारून सांगते.