आदिमानवाला अचानक अक्कल आली, हे मला पटत नाही

राजेहो, पोस्ट मोठी आहे पण वाचा. आदिमानवाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, चाळीस-पन्नास हजार वर्षांमागे मेंदूत काहीतरी बदललं अन् माणूस एकदम हुशार झाला. बिलकुल नाही. मोरोक्कोत जेबेल इरहूदला सापडलेली माणसं जवळपास ३ लाख वर्षांपूर्वीची, चेहरा आपल्यासारखा, मेंदूही आपल्याएवढाच मोठा, फक्त कवटी जराशी लांबट. दक्षिण आफ्रिकेत ब्लॉम्बोस गुहेत १ लाख वर्षांपूर्वी लोक शिंपल्यात गेरू कालवत होते. अन् सिबुडू गुहेत साधारण ७० हजार वर्षांपूर्वी झाडाचा डिंक अन् गेरू मिसळून, विस्तवाजवळ सुकवून दगडाचं पातं दांड्याला चिकटवत होते.

हे ऐकायला सोपं वाटते. पण डिंक ओला राहिला तर पातं निसटते, जास्त तापला तर फुगून वाया जाते, गेरू किती टाकायचा, विस्तव केवढा ठेवायचा, एवढं सगळं एका माणसाला एका जन्मात सुचणारच नाही, कोणीतरी अर्धं शोधलं, पोरानं बाजूला बसून पाहून पाहून उचललं, त्यात थोडी सुधारणा केली अन् पुढच्याला दिलं, असं कितीतरी पिढ्या.

अन् हे टिकेलच याची गॅरंटी नसते. हिमयुग संपताना समुद्र चढला, टास्मानिया ऑस्ट्रेलियापासून तुटलं, पुढे हजारो वर्षांत तिथली हाडाची हत्यारं गेली, मासे खाणंही सुटलं. मानववंशाचा अभ्यास करणारे जोसेफ हेनरिक म्हणतात, माणसं कमी अन् संपर्क तुटलेला असला की अवघड कसब झिजत जाते. यावर वाद आहे, काही अभ्यासक म्हणतात की तिथली गरजच बदलली होती. मला हेनरिकचं पटते. पण त्यावरून कोणी टास्मानियाच्या लोकांना कमअक्कल म्हणत असेल तर मी भांडेन, मेंदू तोच होता ना बावा, शिकवणारे कमी पडले!

आपल्याकडचा बिब्बाच घ्या. तेल लागलं की असा उततो की कातडीवर फोड येतात, तरी विदर्भातल्या बाया तो फोडून आतली गोडंबी काढतात. कितीही शिकलेला माणूस असो, कोणी न सांगता बिब्बा फोडायला बसला तर हात भाजून घेईल. ही रीत कोणी बसवली त्याचं नाव कुठंच नाही, अन् ते एक नाव असणारही नाही.

म्हणून आदिमानवाच्या चित्रात एकटाच दाढीवाला गडी दगड घासत बसलेला दिसला की मला मनापासून खटकते. त्याच्या बाजूला एखादी म्हातारी अन् चार पोट्टे काढा की.